‘आई, आपण नॉर्थ की साउथ?’ : मुलांना अमेरिकन यादवी युद्ध शिकवताना

लेक चौथीत होती. शाळेतून आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि विचारलं, “आई, आपण नॉर्थ की साउथ?” मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मला वाटलं, वर्गात काहीतरी खेळ चालू असेल, टीम पाडल्या असतील. “अगं, सिव्हिल वॉरमध्ये!” मी “आपण तेव्हा इथे नव्हतोच” म्हणून सुटका करून घेतली. ती सुटका चार दिवस टिकली. मग वर्कशीट आलं, त्याच्यामागे प्रोजेक्ट आला आणि पाठोपाठ प्रश्न : गुलाम म्हणजे काय? त्यांना पगार नव्हता? ते पळून का नाही गेले? मग आपण तेव्हा असतो तर आपल्याला कुठे बसवलं असतं?

व्हर्जिनियात चौथीला राज्याचा इतिहास असतो आणि त्यात हे युद्ध चुकत नाही. बाकी राज्यांत एखादं वर्ष इकडेतिकडे. आपला इतिहास म्हणजे शिवाजी महाराज, पानिपत, १८५७, टिळक-गांधी. अमेरिकेचं यादवी युद्ध (गुलामीवरून फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं विरुद्ध उत्तर) आपल्या शाळेत लिंकनच्या फोटोखालच्या चार ओळींत उरकलेलं असतं. त्यामुळे इथे आलेल्या आईबापांची फजिती ठरलेली. माझी दोन मुलं यातून गेली. पहिलीच्या वेळी मी जवळपास सगळं चुकवलं, दुसऱ्याच्या वेळी थोडं जमलं. त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने लिहिते.

१. आधी ‘यादवी’ हा शब्द बाजूला ठेवा

सिव्हिल वॉरला मराठीत यादवी युद्ध म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण पहिला घोटाळा तोच करतो. यादवी म्हटलं की डोळ्यांपुढे प्रभासक्षेत्र येतं : दारू प्यायलेले यादव, काठावरचं गवत उपटून एकमेकांना हाणताहेत आणि कुळ संपतंय. म्हणजे भाऊबंदकी. दोन्ही बाजू सारख्याच, कारण असं काही नाही, सगळा नशिबाचा खेळ.

मीही लेकीला पहिल्यांदा हेच सांगितलं. “दोन भाऊ भांडले, मग एक झाले.” तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण मग गुलाम कुठल्या भावाचे?” माझ्या गोष्टीत ती चाळीस लाख माणसं नव्हतीच.

तेव्हापासून एक नियम केला. या युद्धाबद्दल घरात जे काही सांगायचं, त्यात ‘गुलाम केलेली माणसं या क्षणी कुठे आहेत आणि काय करताहेत?’ हा प्रश्न विचारायचा. उत्तर सापडलं नाही तर आपण गोष्ट अर्धीच सांगतोय असं समजायचं. ‘गुलाम’ न म्हणता ‘गुलाम केलेली माणसं’ म्हणायची सवयही तेव्हाच लावून घेतली. इथल्या शाळांतही आता तसंच म्हणतात. सुरुवातीला जीभ अडखळते. पण गुलाम कोणी जन्मतः नसतो, त्याला कोणीतरी केलेलं असतं, हे मुलांना त्या एका ‘केलेली’ने कळतं.

२. सामान जमवा

फार काही लागत नाही :

- पस्तीसेक फूट सुतळी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे
- अमेरिकेचा कोरा नकाशा, राज्यांच्या सीमा असलेला, दोन प्रती (एक बिघडतेच)
- तीन रंगांचे खडू
- लायब्ररीचं कार्ड. मुलांच्या विभागात या विषयाचा अख्खा कप्पा असतो, ग्रंथपालांना मुलाचं वय सांगा
- राज्यांनी फुटून निघताना काढलेली जाहीरपत्रकं. इंटरनेटवर फुकट मिळतात, पहिलं पान छापून घेतलं तरी पुरे
- मूल चौथीत असेल तर राष्ट्रीय उद्यानांचा चौथीच्या मुलांसाठीचा मोफत पास. ऑनलाइन फॉर्म भरून मिळतो. नियम बदलत असतात, निघण्याआधी पाहून घ्या

पुस्तक घेताना प्रकाशनाचं वर्ष बघा. एका जुन्या सेलमधून मी पन्नास सेंटला एक देखणं पुस्तक आणलं होतं. त्यात मळ्यावरची माणसं संध्याकाळी बँजो वाजवत आनंदात बसलेली. ते मी मुलांना दिलं नाही. पुढे मुलगा मोठा झाल्यावर मात्र ‘खोटं कसं रंगवतात’ हे दाखवायला तेच कामी आलं.

३. दोरी बांधा

माझ्या सगळ्या खटाटोपात सर्वांत उपयोगी पडली ती ही सुतळी. एक वर्ष म्हणजे एक इंच. दिवाणखान्याच्या एका टोकाला १६१९ ची चिठ्ठी लावा : त्या वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर, पॉइंट कम्फर्टला, पकडून आणलेल्या आफ्रिकन माणसांचं पहिलं जहाज लागलं. तिथून साडेवीस फूट चालत जा आणि १८६५ चा चिमटा लावा. युद्ध १८६१ ते १८६५, म्हणजे शेवटचे चार इंच.

हे मुलांनी आपल्या पायांनी चालायला हवं. लेक चालत चालत जेवणाच्या टेबलापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “अजून गुलामीच चालू आहे?” पुस्तकात युद्धाला तीस पानं आणि आधीच्या अडीचशे वर्षांना तीन असतात. दोरीवर ते प्रमाण उलटं होतं.

मधे फार चिठ्ठ्या लावू नका. १७७६, १७८७ (राज्यघटना), १८५० (पळून गेलेल्यांना पकडून परत देण्याचा कडक कायदा), १८६० (लिंकनची अध्यक्षपदी निवड) एवढ्या पुरतात.

आता नकाशा. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना फुटली. लिंकनने मार्च १८६१ मध्ये शपथ घेण्याआधीच सात राज्यं फुटली होती. एप्रिलमध्ये चार्ल्सटनच्या बंदरातल्या फोर्ट समटर या केंद्राच्या किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्यावर आणखी चार गेली. एकूण अकरा. ती एका रंगाने, उत्तरेची दुसऱ्या. तिसरा रंग विसरू नका : डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिझुरी. या चार राज्यांत गुलामी होती, तरी ती फुटली नाहीत. हा रंग नसेल तर पुढे लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा मुलांना कळतच नाही. वेस्ट व्हर्जिनियासाठी खोडरबर हाताशी ठेवा, कारण ते १८६३ मध्ये व्हर्जिनियातून वेगळं झालं. मुलांना ही फुटीतली फूट फार आवडते.

आकड्यांबद्दल एक. १८६० च्या जनगणनेत देशाची वस्ती सुमारे तीन कोटी चौदा लाख होती आणि त्यातले जवळजवळ चाळीस लाख गुलाम केलेले. मुलाला चाळीस लाख कळत नाहीत आणि मला फोर मिलियन पोचत नाहीत. आम्ही टेबलाभोवती आठ खुर्च्या मांडल्या : आठातली एक. साउथ कॅरोलायनात मात्र आठातल्या चारांहून जास्त. मुलगा काही न बोलता आणखी एक खुर्ची ओढून त्या बाजूला सरकवायला लागला.

४. ‘का?’ याचं उत्तर त्यांच्याच कागदातून द्या

इथे सगळ्यांत मोठा खड्डा आहे. शेजारी, एखादे काका, कधी जुनी पाटी, कुणीतरी सांगेलच की युद्ध ‘राज्यांच्या हक्कांसाठी’ झालं. ऐकायला ते तटस्थ वाटतं आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना तटस्थ राहायला आवडतं. मीही वर्षभर ते वाक्य वापरत होते.

वाद घालत बसू नका. फुटलेल्या राज्यांनी आपण का फुटलो ते स्वतःच लिहून ठेवलंय. मिसिसिपीच्या जाहीरपत्रकात सुरुवातीलाच म्हटलंय की आमची भूमिका गुलामीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. साउथ कॅरोलायनाची तक्रार तर मजेशीर आहे : उत्तरेतली राज्यं आमची पळालेली माणसं पकडून देत नाहीत. म्हणजे उत्तरेतल्या राज्यांनी आपला हक्क वापरला, याचाच राग. मुलाला एवढंच विचारा, “मग कोणत्या राज्यांचे हक्क? आणि कसला हक्क?” मार्च १८६१ मध्ये कॉन्फेडरेट, म्हणजे फुटलेल्या राज्यांच्या सरकारचे, उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी सव्हाना इथल्या भाषणात उघड सांगितलं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, याच पायावर आमचं नवं सरकार उभं आहे. दहाबारा वर्षांच्या मुलाला यातल्या दोन ओळी वाचू द्या. शब्द जड आहेत, तुम्ही शेजारी बसा.

त्याचबरोबर हेही सांगा की लिंकन निवडून आला तो ‘गुलामी नव्या प्रदेशांत पसरू देणार नाही’ एवढ्यावर. जिथे होती तिथून उपटून टाकतो असं तो तेव्हा म्हणत नव्हता. उत्तरेचे बहुतेक सैनिक देश एकसंध ठेवायला निघाले होते. दक्षिण का फुटली आणि उत्तर का लढली हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मोठी माणसंही त्यांची गल्लत करतात.

आणखी एक छोटा खड्डा, पक्षांची नावं. लिंकन रिपब्लिकन होता, असं म्हटलं की मूल टीव्हीवरच्या आजच्या पक्षाचं चित्र त्याला चिकटवतं. दीडशे वर्षांत पक्षांचे मतदार आणि भूमिका फार बदलल्या एवढंच सांगा आणि पुढे चला.

५. वयाप्रमाणे किती

आठ वर्षांखालच्यांना : माणसं विकली-घेतली जायची, ते चूक होतं, ते थांबवायला अनेकांनी जीव धोक्यात घातला. बस. नऊ ते अकरा : कुटुंबं तोडली जायची, लिहायला-वाचायला बऱ्याच ठिकाणी बंदी होती, पळणाऱ्यांना शिक्षा व्हायची. बारानंतर बाकीचं, हळूहळू, त्यांच्या प्रश्नांच्या मागून.

एक गोष्ट कुठल्याच वयात करू नका : नाटक. ‘तू मालक, तू गुलाम’ असा खेळ नको. लिलावाचा प्रसंग बसवणं तर नकोच. कळावं म्हणून केलेल्या त्या खेळात वर्गातल्या एखाद्या काळ्या मुलीच्या वाट्याला काय येतं याचा विचार करा. शाळेत असं काही होणार असल्याचं कानावर आलं तर शिक्षकांना आधी शांतपणे फोन करा. आमच्या ओळखीत एकदा झालं होतं, फोन केल्यावर तो बेत रद्द झाला, रागवारागवी झाली नाही.

६. सेनापतींच्या आधी माणसं

आपल्याला पानिपताची सवय. लढाई म्हटली की व्यूह कुठे चुकला, रसद कुठे तुटली, विश्वासराव पडले तेव्हा काय झालं, यातच आपण रमतो. आमच्या घरी हा नाद नवऱ्याला लागला. गेटिसबर्गच्या लढाईत तिसऱ्या दिवशी मोकळ्या मैदानातून चालून गेलेल्या, जनरल लीच्या सुमारे साडेबारा हजार कॉन्फेडरेट सैनिकांचा हल्ला त्याने मीठदाणी, मिरपूड आणि वाटाण्यांनी टेबलावर मांडला. मुलं खूश. पण तासाभराने मुलगा म्हणाला, “लीने उजवीकडून जायला हवं होतं, जिंकला असता ना!” आणि त्याच्या आवाजात हळहळ होती. जिंकला असता तर काय चालू राहिलं असतं, हे त्या वाटाण्यांत कुठेच नव्हतं.

म्हणून आधी माणसं. माझी खात्रीची गोष्ट रॉबर्ट स्मॉल्सची. साउथ कॅरोलायनातल्या ब्यूफर्टचा, गुलामीत जन्मलेला. चार्ल्सटनला ‘प्लँटर’ नावाच्या कॉन्फेडरेट आगबोटीवर सुकाणू धरायचा. गोऱ्यांच्या लेखी मात्र तो ‘पायलट’ नव्हता, कारण ती पदवी काळ्या माणसाला द्यायची नाही. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले. स्मॉल्सने कप्तानाची रुंद काठाची गवती टोपी डोक्यावर ठेवली, बोट हलवली, दुसऱ्या धक्क्यावरून आपली बायकामुलं आणि बाकीच्यांची माणसं घेतली. पुढे एकामागून एक किल्ले. प्रत्येकापुढे ठरलेली शिटी द्यायची. सगळ्या शिट्या त्याला पाठ होत्या. फोर्ट समटरसमोरून जाताना तो कप्तानासारखा हात बांधून उभा राहिला. अंधारात टोपी दिसली, चेहरा दिसला नाही. तोफेच्या टप्प्याबाहेर गेल्यावर कॉन्फेडरेट झेंडा उतरवला आणि पांढरी चादर चढवली, नाहीतर समोरच्या युनियनच्या (म्हणजे उत्तरेच्या) जहाजाने उडवलंच असतं. नंतर त्याने ज्या घरात गुलाम म्हणून दिवस काढले तेच ब्यूफर्टचं घर विकत घेतलं आणि पुढे तो अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेला.

ही गोष्ट सांगताना मी टोपीशी थांबते. मुलं शिट्या वाजवतात. मग विचारते, “शिट्या त्याला कशा माहीत?” कारण रोज काम तोच करत होता. गुलाम केलेल्या माणसांची अक्कल, कसब, माहिती यांच्यावरच ती बोट चालत होती, हे मूल स्वतः म्हणतं.

दुसरी गोष्ट फोर्ट मन्रोची. मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघं, ज्यांना कॉन्फेडरेट तोफखान्याच्या बांधकामावर जुंपलं होतं, रात्री होडीतून युनियनच्या ताब्यातल्या या किल्ल्यावर पोचले. मालकाच्या वतीने दुसऱ्या दिवशी माणूस आला : कायद्याप्रमाणे आमची माणसं परत द्या. किल्ल्यावरचे जनरल बटलर मुळात वकील. ते म्हणाले, व्हर्जिनिया म्हणते आम्ही परका देश, मग अमेरिकेचा कायदा तुम्हाला कसा लागू? शत्रूची युद्धसामग्री म्हणून ठेवून घेतो. माणसाला सामग्री म्हणणं वाईटच, पण तिघं परत गेले नाहीत आणि बातमी पसरल्यावर हजारो आले. आता दोरीकडे बघा : फोर्ट मन्रो उभा आहे तो पॉइंट कम्फर्टवर. १६१९ चं जहाज लागलं तीच जागा.

गुलामीतून स्वतः निसटून तिच्याविरुद्ध लढलेले हॅरिएट टबमन आणि फ्रेडरिक डग्लस शाळेत येतातच. टबमनबाईंनी जून १८६३ मध्ये कोंबाही नदीवरच्या छाप्यात सैन्याला वाट दाखवली आणि सातशेहून अधिक माणसं सुटली, हे सहसा राहून जातं.

उत्तरेला देव करू नका. युनियनच्या सैन्यात सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक होते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने ‘पूर्ण द्या नाहीतर काहीच नको’ म्हणून पगारच नाकारला. समान पगार १८६४ मध्ये मंजूर झाला. पॉकेटमनी मिळणाऱ्या मुलांना हे समजवावं लागत नाही. माझ्या मुलाने वजाबाकी करून वर्षाचा हिशेब काढला, ७२ डॉलर, आणि दिवसभर चिडलेला होता.

७. लढाया तीनच घ्या

पहिली बुल रन (२१ जुलै १८६१) : वॉशिंग्टनहून लोक डबे घेऊन लढाई बघायला आले होते. त्यांना वाटलं दुपारपर्यंत संपेल. अँटिटम (१७ सप्टेंबर १८६२) : अमेरिकेच्या इतिहासातला एका दिवसातला सर्वांत रक्तरंजित संग्राम आणि त्यानंतर पाच दिवसांत लिंकनने मुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला. गेटिसबर्ग (१ ते ३ जुलै १८६३), त्याला लागूनच ४ जुलैला व्हिक्सबर्ग पडलं आणि मिसिसिपी नदी उत्तरेच्या हातात आली. बाकीच्या लढाया मुलाला हव्या असतील तर तो स्वतः शोधेल.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक, नावं. उत्तरेने लढायांना ओढ्या-नद्यांची नावं दिली, दक्षिणेने गावांची. बुल रन आणि मनॅसस एकच, अँटिटम आणि शार्प्सबर्ग एकच. मी प्रोजेक्टमध्ये त्या चार वेगळ्या लढाया लावल्या होत्या.

दोन, ‘कॅज्युअल्टी’. आपण पटकन भाषांतर करतो : मेले. गेटिसबर्गची सुमारे ५१,००० ही संख्या मेलेले, जखमी, पकडलेले, हरवलेले अशा सगळ्यांची मिळून आहे. हताहत म्हणा आणि समजावून सांगा. संपूर्ण युद्धातल्या मृत्यूंचा आकडा मात्र वेगळा. बरीच वर्षं ६,२०,००० सांगितला जायचा, अलीकडच्या मोजणीत तो साडेसात लाखांच्या आसपास जातो. त्यातले निम्म्याहून बरेच जास्त हगवण, टायफॉइड, गोवर अशा रोगांनी गेले. पोस्टरवर तलवारी काढायच्या आधी मुलांना हे कळू द्या.

तीन, १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा. त्या दिवशी सगळे मोकळे झाले असं नाही. तो बंड केलेल्या भागांपुरता होता. नकाशावरच्या तिसऱ्या रंगाला लागू नव्हता. जिथे युनियनचं सैन्य पोचेल तिथे तो खरा होत गेला. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला तो पोचायला १९ जून १८६५ उजाडला. जूनटीन्थची सुट्टी ती हीच. देशभरातली गुलामी बंद झाली ती डिसेंबर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने.

८. रणभूमीवर जाताना

एकतरी जागा दाखवा. आम्हाला मनॅसस जवळ होतं. व्हिजिटर सेंटरमध्ये पहिल्यांदा जा आणि ज्युनियर रेंजरची पुस्तिका मागा. ती भरून रेंजरला (तिथल्या उद्यानरक्षकाला) दाखवली की मुलाला उजवा हात वर करून शपथ देतात आणि बिल्ला मिळतो. त्या बिल्ल्यासाठी मुलं जेवढं वाचतात तेवढं परीक्षेसाठी वाचत नाहीत.

सकाळी लवकर जा, कारण ही मैदानं म्हणजे खरोखरच मैदानं आहेत, सावली नाही. पाणी आणि टोप्या न्या. गवतात चालल्यावर घरी येऊन मुलांच्या पायांना गोचिड्या लागल्यात का ते बघा. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. तोफांवर चढू देऊ नका. जमिनीत सापडलेली गोळी, बटण उचलून खिशात टाकणं हा तिथे गुन्हा आहे.

अ‍ॅपोमॅटॉक्स कोर्ट हाउसला गेलात तर शरणागती कोर्टात झाली असं समजू नका. ते गावाचं नाव आहे. लीने ९ एप्रिल १८६५ ला उत्तरेचे सेनापती ग्रँट यांच्यापुढे शरणागती पत्करली ती विल्मर मॅक्लीन नावाच्या माणसाच्या दिवाणखान्यात. याच मॅक्लीनची आधी मनॅससजवळ शेती होती आणि १८६१ मध्ये लढाई त्याच्याच आवारात येऊन धडकली होती. बिचारा नंतर तिथून लांब राहायला गेला होता.

रेंजरना प्रश्न विचारायला मुलांना शिकवा. ‘इथे गुलाम केलेलं कोण राहत होतं?’ असं माझ्या लेकीने विचारलं तेव्हा रेंजरबाई आम्हाला तोफांच्या रांगेपासून लांब, एका घराच्या उरलेल्या पायापाशी घेऊन गेल्या. एरवी आम्ही तिकडे वळलोच नसतो.

९. फोटो दाखवताना

हे युद्ध कॅमेऱ्यासमोर झालेल्या सुरुवातीच्या युद्धांतलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात हजारो फोटो आहेत. प्रेतांचे फोटो दहा वर्षांच्या आतल्या मुलांना नकोत. तंबू, स्वयंपाक, काळ्या पलटणी, पूल बांधणारी माणसं दाखवा. मुलं चेहरे निरखतात आणि विचारतात, कोणी हसत का नाही? पूर्वी एका फोटोसाठी किती वेळ स्थिर राहावं लागे ते सांगा.

मोठ्या मुलांसाठी एक मस्त धडा : गेटिसबर्गला दगडांच्या आडोशाला मरून पडलेल्या कॉन्फेडरेट नेमबाजाचा अलेक्झांडर गार्डनरचा फोटो. पुढे अभ्यासकांनी त्याच सैनिकाचे दुसऱ्या जागी काढलेले फोटो जुळवून दाखवलं की प्रेत तिथून उचलून या दगडांत आणून ठेवलं होतं. फोटो खरा, सैनिक खरा, मृत्यू खरा. मांडणी मात्र केलेली. हे दाखवल्यावर माझा मुलगा प्रत्येक चित्राला ‘हे कोणी ठेवलं?’ विचारू लागला. जाहिरातींनासुद्धा.

१०. दोरी १८६५ ला कापू नका

शाळेचं पुस्तक बऱ्याचदा इथे संपतं. शरणागती, लिंकनचा खून, समाप्त. सुतळी पुढे सोडा. १८६८ आणि १८७० च्या घटनादुरुस्त्या : नागरिकत्व आणि काळ्या पुरुषांना मताधिकार. १८७७, दक्षिणेतल्या केंद्राच्या सैन्याची माघार, आणि मग ते हक्क एकेक करून हिसकावले गेले. १८९०, व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये लीचा भव्य पुतळा उभा राहिला. इथे मुलांना मोजू द्या : युद्ध संपल्यावर पंचवीस इंच. हरलेल्यांचे पुतळे इतक्या वर्षांनी आणि कोणी उभारले? ‘राज्यांचे हक्क’ आणि ‘सुखी मळे’ ही गोष्टसुद्धा याच काळात पुस्तकांत शिरली. माझं पन्नास सेंटचं पुस्तक तिचंच नातवंड. मतदानाचा हक्क बजावता येईल असा कायदा १९६५ मध्ये झाला, म्हणजे शंभर इंच, आठ फुटांहून जास्त. रिचमंडचा पुतळा सप्टेंबर २०२१ मध्ये उतरवला.

११. आणि ‘आपण?’

त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दोन वर्षांनी दिलं. ‘आपण नव्हतोच’ हे खोटं निघालं. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमाराने रोखली, इंग्लंडमधल्या लँकशरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तो भारतातून जाऊ लागला आणि मुंबईत पैशांचा पाऊस पडला. राजाबाई टॉवरला पैसे देणारे प्रेमचंद रायचंद त्या तेजीत उंच गेले. १८६५ मध्ये युद्ध संपल्याच्या बातमीने भाव कोसळले आणि तेही आपटले. म्हणजे कुणाच्या तरी गुलामीवरच्या लढाईतून आपल्याकडच्या कुणीतरी नफा कमावला. हेही मुलांना सांगा, झाकू नका.

आणि १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली. अर्पणपत्रिका कोणाला? गुलामांना मुक्त करण्याच्या कामात औदार्य दाखवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता घ्यावा, या आशेने. मी ती पत्रिका लेकीला वाचून दाखवली. तिने विचारलं, “पण यात रॉबर्ट स्मॉल्स कुठे आहे?” खरंच, अर्पणपत्रिकेत मुक्त करणारे आहेत, स्वतः सुटलेले नाहीत. आमचा त्यावर बराच वेळ वाद झाला. ती म्हणे फुल्यांना कळवायला हवं होतं. मी म्हणे त्यांच्यापर्यंत बातमी तेवढीच पोचली असेल.

शेवटी तिने चिठ्ठी केली : १८७३, पुणे. शरणागतीपासून आठ इंच पुढे. चिमटे संपले होते, म्हणून तिथे अजून तिची केसांची क्लिप आहे.